हात पोचेल तिथवर

सकाळी साडेआठला मी घराला बाहेरून कुलूप लावायची आणि आत माझी सासू असायची. हे सांगायला मला फार दिवस लागले, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

सुरतेत कोसाडला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. एकच खोली, तिच्या टोकाला स्वयंपाकाचा ओटा, ओट्याला लागून मोरी. दार उघडलं की समोर लांब गॅलरी आणि तिच्यात ओळीने दारं. कुणी ओडिशाचं, कुणी यूपीचं, कुणी मराठवाड्यातलं, आणि आमच्यासारखी खानदेशातून आलेली दोन-तीन घरं. माझे यजमान भेस्तानला कापड रंगवण्याच्या कारखान्यात मशीनवर आहेत. सकाळी सातची पाळी, संध्याकाळी सातला सुटका, शिवाय शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं-यायचं. म्हणजे जागेपणी ते घरात फक्त जेवायला असतात म्हटलं तरी चालेल.

सासूला आम्ही सगळे जिजी म्हणतो. जिजी एकदा मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पायाने पुन्हा धीर धरला नाही. कॉटवर उठून बसता यायचं. कुणी शेजारी उभं असलं तर वॉकर धरून चार पावलं टाकता यायची. एकटीने काही नाही.

सुरुवातीला मी दार नुसतं ओढून घेऊन जायची. मग एक दिवस कुणीतरी आत येऊन चार्जिंगला लावलेला मोबाईल घेऊन गेलं. जिजी कॉटवरून ओरडत राहिल्या. दुसऱ्यांदा कुत्रं आत शिरलं. त्याला हाकलायला म्हणून त्या उठल्या आणि कॉटच्या कडेवरून अर्ध्या खाली लोंबकळल्या. त्या दिवशी संध्याकाळी यजमान कुलूप घेऊन आले. एक किल्ली माझ्याकडे, एक शेजारच्या ओडिया बाईकडे. ती दुपारी एकला येऊन जिजींना जेवायला वाढायची, शौचाचं भांडं द्यायची, परत कुलूप लावून जायची. बाई भली होती. पण साडेआठ ते एक, आणि दीड ते सहा, जिजी आत एकट्या.

मी काम करत होते ते कापड मार्केटजवळच्या एका स्टुडिओत. तळघरात होता तो. साड्यांचे व्हिडिओ तिथे बनायचे, मोबाईलवर देशभर जाणारे. माझं मुख्य काम मॉडेल मुलींना साडी नेसवणं. पाच मिनिटांत एक उतरवायची, दुसरी चढवायची, मागे पिना लावायच्या आणि पुढून असं दिसलं पाहिजे की ही बाई जन्मली तेव्हाच साडी नेसून जन्मली. हळूहळू मागचं सामान मांडायचं कामही माझ्याकडे आलं. सोफा, कुंडी, पितळी घंगाळ, प्लायवूडची खिडकी. त्या खिडकीमागे ट्यूबलाईट असायची. पडदा सोडला की वाटायचं बाहेर सकाळ झाली आहे. आम्हाला मात्र खालून पाऊस कळायचा नाही की ऊन.

तिथे एक कॅमेरावाले काका यायचे. सुरतचेच गुजराती, पण तरुणपणी बरीच वर्षं मुंबईला सिनेमाच्या स्टुडिओत मदतनीस होते, त्यामुळे मराठी बोलायचे. आता साठी उलटून गेलेली. रोजचे व्हिडिओ काढणारी मुलं वेगळी होती. काहीतरी मोठं काढायचं असलं की शेठ काकांना बोलवायचे.

काका मला बेन म्हणायचे. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर काम केलं तेव्हाचा प्रसंग आठवतो. दोन मुली सोफ्यावर बसल्या होत्या, एकीची निळी साडी, एकीची पिवळी. मी दोघींच्या मध्ये, जरा पुढे, एक उंच दिवा आणून ठेवला. मला वाटलं छान दिसेल. काकांनी मला हाक मारली.

"बेन, इकडे ये. आतून बघ."

मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात पाहिलं.

"या दोघींचं काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"बसल्यात."

"नीट बघ. मध्ये काय आहे?"

दिव्याचा खांब बरोबर दोघींच्या मधोमध होता. एक या बाजूला, एक त्या बाजूला. मी म्हणाले, "भांडण झाल्यासारखं वाटतंय."

काका हसले. "कुणी तोंड उघडलंय? कुणी रागावलंय? तू एक दिवा ठेवलास आणि त्यांचं भांडण लावून दिलंस." मग त्यांनी मला दिवा उचलायला सांगितला. दोघी तशाच बसल्या होत्या, पण आता मैत्रिणी दिसायला लागल्या.

तेव्हापासून मला नादच लागला. मी पडद्यात पाहायला शिकले. माणूस चौकटीच्या कडेला ढकलला तर तो नकोसा वाटतो. डोक्यावर भरपूर रिकामी जागा सोडली तर बिचारा दिसतो. छत खाली आणलं तर गुदमरतो. लाल साडीमागे लाल भिंत असेल तर बाई भिंतीत जाते, आणि तीच बाई राखाडी भिंतीपुढे आली की सगळ्यांच्या आधी तीच दिसते. काका हे कधी शिकवायला म्हणून सांगत नसत. चहा पिता पिता एखादी वस्तू इकडची तिकडे करायचे आणि विचारायचे, "आता?" बस एवढंच.

सणाचे दिवस जवळ आले तेव्हा शेठनी दोन मिनिटांची फिल्म काढायची ठरवली. सून सासूसाठी साडी आणते, सासू डोळे पुसते, सून पाया पडते. बोलणं नाही, फक्त मागे संगीत. सासूसाठी एक वयस्कर बाई आणली होती, नाटकात काम करणारी. काका मला म्हणाले, "बेन, सासूची खोली तू मांड. मी लाईटचं बघतो. गरीब घर नको, श्रीमंत पण नको. खरं वाटलं पाहिजे."

मला दोन तास मिळाले. मी गोदामातून एक लोखंडी कॉट काढली. भिंतीला लावली. शेजारी लोखंडी कपाट उभं केलं. चादर घातली, दोन उशा. कॉटला लागून स्टूल, स्टुलावर तांब्या-भांडं, औषधांचा डबा, जपमाळ, पंखा. डोक्याशी खिळ्याला एक पिशवी अडकवली. खाली चपला ठेवणार होते, पण काय झालं कुणास ठाऊक, ठेवल्याच नाहीत. मांडून झालं आणि मला समाधान वाटलं. आजवर मांडलेल्या सगळ्या खोल्यांत हीच खरी होती.

काका कॅमेऱ्यामागे बसले. पडद्यात पाहून विचारलं, "कोण राहतं इथे?"

"सासू. गोष्टीतली."

"ती चालू शकत नाही?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. "असं कुणी सांगितलं?"

"तूच सांगितलंस. बघ. पाणी, औषध, माळ, पंखा, सगळं हात पोचेल तिथवर आहे, आणि त्याच्या पलीकडे तिचं काही नाही. पूर्ण खोलीत तिची दुसरी वस्तू नाही. चपला नाहीत. कपाट असं उभं केलंस की तिला दार दिसत नाही. कोण आलं, कोण गेलं, तिला फक्त आवाज येणार. आणि ही एकटी असते. स्टुलावर एकच भांडं आहे."

मी सवयीने दोन पिना तोंडात धरल्या, उत्तर टाळायला तेवढं निमित्त मिळालं. काकांनीही पुढे विचारलं नाही. पण त्यांना कळलं होतं. मी शब्दही न काढता त्यांनी माझ्या घरात डोकावून पाहिलं होतं, आणि दार मीच उघडून दिलं होतं.

तेवढ्यात शेठ खाली आले. त्यांनी पडद्यात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, हे काय? सिव्हिल हॉस्पिटल? मला साडी विकायची आहे भाई! हे बघून बाई साडी घेईल की रडत बसेल?"

"फिल्म चांगली होईल, शेठ," काका म्हणाले.

"फिल्म चांगली करून मी काय करू? खिडकी लावा. फुलं लावा. झोपाळा आणा, आपल्याकडे आहे ना झोपाळा."

मग झोपाळा आला. कॉट परत गोदामात गेली. मागे ट्यूबलाईटची सकाळ झाली. नाटकातली बाई झोपाळ्यावर पाय हलवत बसली, तिने डोळ्यांत पाणी आणलं, सून पाया पडली. मीच तिला ती साडी नेसवली होती. फिल्म लोकांना फार आवडली, असं शेठ नंतर सांगत होते.

त्या संध्याकाळी मी घरी आले, कुलूप काढलं, दार ढकललं, आणि रोजच्यासारखी सरळ ओट्याकडे न जाता उंबऱ्यातच थांबले. मला काकांच्या पडद्यात दिसावं तसं दिसत होतं. दाराची चौकट. तिच्यात डावीकडे कपाटाची लोखंडी बाजू, वरपासून खालपर्यंत. कपाटामागून बाहेर आलेली कॉटची एक कड, आणि त्या कडेवर दोन पाय, चादरीतून बाहेर आलेले. चेहरा नाही. रोज दार उघडल्यावर मला माझ्या सासूचे फक्त पाय दिसत होते, आणि एवढे महिने ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"कोण शे?" आतून आवाज आला.

"मीच, जिजी."

"मंग दारमा काय उभी शे? आठे ये."

जिजी अजून अहिराणीच बोलतात. मी आत गेले. त्यांचा हात हातात घ्यावा असं वाटलं, पण आमच्यात तसली रीत नाही. मी भांडं रिकामं केलं आणि चहा टाकला.

दोन-तीन दिवसांनी यजमानांना सुट्टी होती. मी म्हणाले, "कपाट हलवू या. जिजींना दार दिसलं पाहिजे."

"कशाला? एवढं सामान काढायचं, परत भरायचं?"

"त्यांना दिवसभर नुसती भिंत दिसते."

"आजारी माणसाला काय पाहायचं असतं?" ते म्हणाले. वाईट मनाने नाही. बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला एका सुट्टीत कपाट ओढायला सांगितलं तर तो काय म्हणणार. पण मी हटून बसले. शेवटी त्यांनी आईलाच विचारलं.

जिजींचं उत्तर मला अपेक्षित नव्हतं. "कपाट राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी देखसू, पण माले कोणी देखाले नको." गॅलरीतून येणारे-जाणारे आपल्याला असं पडलेलं पाहतील, भांड्यावर बसलेलं पाहतील, हे त्यांना नको होतं. कपाट तिथे उभं करायला त्यांनीच सांगितलं होतं म्हणे, दवाखान्यातून आणलं त्याच दिवशी. यजमानांनी मान हलवली. मलाच ते माहीत नव्हतं. मी त्या दिवशी औषधं आणायला गेले होते.

मग मला आरसा सुचला. आमच्या कपाटाच्या दाराला उभा आरसा आहे, पण तोंड समोरच्या भिंतीकडे. कपाट जागचं न हलवता फक्त तिरपं फिरवलं तर? आम्ही दोघांनी मिळून ते इंच-इंच सरकवलं. मी कॉटवर जिजींच्या शेजारी डोकं टेकवून झोपायची, पाहायची, आणि सांगायची, "अजून थोडं. अजून." यजमानांना हसू आलं. शेवटी आरशात दार आलं. अर्धी खिडकी आली. गॅलरीचा कठडा आणि त्याच्यावर वाळत घातलेली शेजारणीची हिरवी साडी आली. गॅलरीतल्या उजेडातून पाहणाऱ्याला मात्र कपाटाची बाजू आणि आरशातला अंधारच दिसत होता.

जिजी बराच वेळ पाहत राहिल्या. "हाई बरं शे," म्हणाल्या.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरात गप्पा आल्या. मी संध्याकाळी आले की जिजी दिवसभराचं सांगायच्या. दार बंद असलं तरी खिडकीतून दिसायचं तेवढं दिसायचं. कठड्यावर कबुतर किती वेळ बसलं होतं. दुपारी ओडिया बाईकडे कोण पाहुणी आली. पलीकडच्या पोराने शाळेला दांडी मारली आणि गॅलरीतच पतंग दुरुस्त करत बसला. मी ओट्याशी उभी राहून ऐकायची. वाटलं, काकांना सांगावं की एक वस्तू फिरवली आणि माणूस बोलायला लागलं.

पण आरशात ओटाही येतो, हे मी विचारातच घेतलं नव्हतं.

आधी ओट्याशी उभी असले की माझी पाठ खोलीकडे असायची आणि तोंड भिंतीच्या फरशीकडे. ती माझी जागा होती. तिथे मी मनातल्या मनात कुणाशीही भांडायची, कधी डोळे भरले तर भरू द्यायची, फोडणीचा ठसका असतोच. आता एक दिवस मागून आवाज आला, "काय झायं व तुले?" मी वळून पाहिलं. जिजी आरशातून बाजूने माझा चेहरा पाहत होत्या. मी म्हणाले, "कांदा." त्या दिवशी कांदा चिरायचाच नव्हता, हेही त्यांना दिसलं असणार. कुठे उभं राहिलं म्हणजे त्यांच्या नजरेत येणार नाही, अशी जागा मी शोधायला लागले. मोरीचं दार सोडलं तर घरात ती नव्हतीच.

आणि मग त्या सकाळी. मी डबा भरला, स्टुलावर पाणी ठेवलं, औषधं काढून ठेवली. "येते जिजी," म्हणाले. दाराशी गेले आणि हातात कुलूप घेऊन सहज आरशाकडे पाहिलं. जिजी माझ्याकडेच पाहत होत्या.

"आधी नुसतं ऐकू ये," त्या म्हणाल्या. "आते दिसस बी."

एवढंच. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. आधी त्यांना कडीचा आवाज यायचा. आता मी रोज सकाळी दार ओढून घेते, उजेडाची फट बारीक बारीक होत जाते आणि बंद होते, हे सगळं त्यांना मी माझ्याच हाताने लावलेल्या आरशात दिसत होतं. त्यांच्यासाठी मी चांगलं करायला गेले आणि रोजची शिक्षा नजरेसमोर आणून ठेवली.

मी त्या दिवशी कुलूप लावलंच. कामावर गेले. सगळा दिवस निऱ्या वाकड्या येत होत्या.

दुपारी शेठकडे गेले. म्हटलं, मला अकरा ते तीन येऊ द्या, त्या मानाने पगार कमी करा. शेठ माणूस वाईट नाही, पण म्हणाले, "बेन, मुली दहाला येतात. तू अकराला आलीस तर तोवर त्या काय नेसून उभ्या राहतील?" बरोबरच होतं. आठवडाभर मी विचार केला. यजमान म्हणाले, "तुझं तू बघ, पण कुलूप काढायचं असेल तर घरात कुणीतरी हवं." घरात कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती.

काम सोडलं. शेवटच्या दिवशी काका तिथे नव्हते. त्यांना निरोप ठेवायचा तर काय ठेवणार? मी प्लायवूडच्या खिडकीचा पडदा धुऊन, इस्त्री करून लावला आणि वर आले. बाहेर ऊन होतं.

आता मी घरी लेस लावायचं काम करते. साड्यांचं गाठोडं घरी येतं, काठाला लेस शिवून परत द्यायचं. मशीन दाराशी उजेडात ठेवलं आहे. दार उघडं असतं. पण ओटा, मोरी, मशीन, कॉट यांच्या पलीकडे माझा दिवस जात नाही. भाजी गॅलरीखाली गाडीवर येते, मी वरून टोपली सोडते. सुरुवातीला एकदा मी मोजलं होतं, चार दिवस मी जिनाच उतरले नव्हते. साड्यांचा ढीग मशीनच्या एका बाजूला वाढत जातो, दुसऱ्या बाजूला कमी होतो, आणि मध्ये मी. काकांनी पाहिलं असतं तर लगेच ओळखलं असतं. कात्री, दोऱ्याची रिळं, पाण्याची बाटली, मोबाईल, सगळं माझ्या आजूबाजूला कसं येऊन बसलं आहे ते.

"आते तू बी आठेच," जिजी एकदा म्हणाल्या. त्यात आनंद होता की कीव, मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

माझी चिडचिड व्हायची. जिजींनी पाणी मागितलं की मी मशीनचं चाक हाताने थांबवायची आणि मुद्दाम आवाज करत उठायची. मग त्या पाणी मागायच्याच कमी झाल्या. मग मला लाज वाटायची. मग मी न मागता पाणी द्यायची आणि त्या म्हणायच्या, तहान नाही. अशा आम्ही दोघी एका खोलीत.

यंदा थंडीत काकांचा फोन आला. कुठून तरी नंबर मिळवला होता. बारडोलीजवळ उसाच्या शेतात एक फिल्म काढायची होती, साडीचीच, पण दुसऱ्या मालकाची. "एक दिवस ये, बेन. नेसवणारी आहे, पण पाहणारी नाही."

मी म्हणाले, "नाही जमणार, काका. घरी माणूस आहे."

ते म्हणाले, "माहीत आहे मला," आणि दोन दिवसांनी परत फोन करतो म्हणाले.

मी फोन ठेवला तर जिजींनी विचारलं, "कोणाचा फोन व्हता?"

"कामाचा. बारडोलीला एक दिवस."

"मंग जाय ना. मी काय पळी जासू?"

नणंदेला बोलावलं. ती उधन्याला असते, तिलाही मुलंबाळं, काम. तरी आली. मी सकाळी जिना उतरले तेव्हा खरं सांगते, पाय हलके झाले होते. गाडीत खिडकीशी बसले. कितीतरी दिवसांनी मला लांबचं काही दिसत होतं.

शेतात पोचलो. मधून बैलगाडीची वाट, दोन्हीकडे ऊस. मुलगी तांबडी साडी नेसून वाटेवर उभी राहिली. काकांनी मला बोलावलं. "बघ. मालकाला मोकळं-मोकळं पाहिजे. आहे?"

मी पाहिलं. ऊस तिच्या डोक्याच्या कितीतरी वर. दोन हिरव्या भिंती आणि वर आभाळाची एक पट्टी. "नाही काका. ही तर बोळात अडकली."

काकांनी कॅमेरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवला. वरून शेत पसरलेलं दिसायला लागलं, तुरे वाऱ्यावर हलत होते, आणि त्यात तो तांबडा ठिपका. "आता?"

"आता हरवली."

काका मोठ्याने हसले. मग ट्रॉलीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "इतकी वर्षं झाली. अडकलेलं माणूस मला पाच मिनिटांत दाखवता येतं. एक दार, एक सावली, झालं. मोकळं माणूस कसं दाखवायचं, ते अजून नीट जमलं नाही." मग आम्ही वाट सोडून शेताच्या बांधावर गेलो, जिथे ऊस तोडून झाला होता. तिथे मुलीला बसवलं, पायातलं काढून, पदर सैल सोडून. ते मालकाला आवडलं. मला तिथेही सारखं घड्याळ दिसत होतं. नणंदेने चारनंतर थांबता येणार नाही असं सांगून ठेवलं होतं. काकांनी चार वाजायच्या आत मला एका गाडीत बसवून दिलं. शेतकऱ्याने उसाचे दोन दांडे बरोबर दिले.

घरी आले तर नणंद चप्पल घालूनच बसली होती. ती गेली. मी हातपाय धुतले, उसाचे बारीक तुकडे केले, जिजींना आवडेल म्हणून. त्यांना दात नाहीत, पण त्यांनी तुकडा तोंडात धरला, हिरड्यांनी दाबून रस घेतला आणि चोथा वाटीत टाकला.

"बारडोलीना शे का?"

"हो. का बरं?"

"तठे आम्ही ऊस तोडेल शे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी खाली बसले. जिजी सांगत गेल्या. नवरा-बायको दोघं खानदेशातून ऊसतोडीच्या टोळीबरोबर आले होते, माझे यजमान तेव्हा झोळीत. पाचटाची खोपी, इतकी ठेंगणी की आत वाकूनच शिरायचं आणि बसूनच राहायचं. थंडीत पहाटे ऊस ओला असायचा, पानांनी हात कापायचे. मुकादम माणूस मोजून आत सोडायचा आणि मोजून बाहेर. झोळी फडाच्या कडेला बांधलेली, आणि ऊस इतका उंच की तोडता तोडता आत गेलं की पोर दिसायचं नाही, नुसतं रडणं ऐकू यायचं.

"मग काय करायचात?" मी विचारलं.

"तोडत ऱ्हावानं," जिजी म्हणाल्या. "जितला ऊस पडे, तितलं दिसे." जेवढा ऊस पडेल, तेवढं दिसायला लागायचं. संध्याकाळपर्यंत पोर दिसायचं.

त्यांनी दुसरा तुकडा मागितला. मी सोलून दिला, एक मीही घेतला. यजमान यायला अजून वेळ होता. आम्ही दोघींनी चोथा टाकत दोन्ही दांडे संपवले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला लेसचं नवं गाठोडं आलं. मी गाठ सोडली आणि मशीनला दोरा ओवला.